लिफ्टमध्ये पाय ठेवण्याआधी : गावच्या घरातून फ्लॅटमध्ये आलेल्यांसाठी

गोव्यात पर्वरीच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो तेव्हा सासूबाई चौथ्या मजल्यावर जिन्यानेच चढायच्या. त्यांचं आयुष्य फोंड्याकडच्या गावात गेलेलं. त्या पेटीत स्वतःला कोंडून घ्यायला त्यांचं मन घेईना. "दोर तुटला म्हणजे?" हा त्यांचा एकच प्रश्न, आणि आम्ही हसण्यावारी न्यायचो. पुढे गुडघ्यांनी ऐकेनासं केलं तेव्हा त्या लिफ्टने जाऊ लागल्या. त्याच पावसाळ्यात लिफ्टमधून बाहेर पडताना अडखळल्या आणि मनगट मोडलं. दोर धडधाकट होता. लिफ्ट मजल्यापेक्षा चार बोटं खाली थांबली होती, एवढंच.

ती तशी थांबते हे मला आठ दिवस आधीपासून माहीत होतं. मी रोज पाय जरा उचलून बाहेर पडत होते. वॉचमनला माहीत होतं, शेजारच्या काकांना माहीत होतं, दूधवाल्यालाही माहीत होतं. दुसऱ्या कुणीतरी सांगितलं असेल असं प्रत्येकाने धरलं होतं.

पुढच्या सभेत "तुम्ही रिटायर, तुमच्याकडे वेळ आहे" म्हणत मला कमिटीत ढकललं. लिफ्टचं खातं कुणालाच नको होतं, ते आपसूक माझ्याकडे आलं. मग मेकॅनिकच्या मागोमाग गच्चीवरच्या मशीन रूममध्ये गेले, जुन्या वह्या वाचल्या, दोनदा स्वतः अडकले. डिचोली, सत्तरी, पेडणे किंवा थेट सावंतवाडीहून पर्वरी, ताळगाव, फातोर्ड्याच्या इमारतींत नव्याने राहायला आलेल्यांसाठी हे एका जागी लिहून ठेवते. भाड्याने राहत असाल तरी वाचा. पाय तुमचाच असतो.

१. भीती कशाची धरायची ते आधी ठरवा

लिफ्ट एका दोरावर लटकत नाही. तीन, चार, कधी त्याहून जास्त पोलादी दोर असतात आणि त्यातला एकेक दोर भरलेली लिफ्ट तोलेल इतका मजबूत धरलेला असतो. दोरांच्या दुसऱ्या टोकाला लोखंडी वजनं असतात. बागायतीतल्या विहिरीवर मागच्या टोकाला धोंडा बांधलेली, पाणी काढायची लाट पाहिली असेल, तर हे लगेच कळेल. हा भार पेटीचं वजन अधिक तिच्या क्षमतेच्या जवळजवळ निम्मं ओझं, असा ठेवतात. त्यामुळे रिकाम्या लिफ्टचा ब्रेक सैल पडला तर ती खाली कोसळायच्या ऐवजी वर सरकते. हे मला मेकॅनिकने सांगितलं तेव्हा मी त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

ब्रेकचंही तसंच. तो विजेने सुटतो आणि स्प्रिंगने आवळला जातो. म्हणजे लाईट गेली की लिफ्ट जागच्या जागी धरली जाते. वेग हाताबाहेर गेलाच तर गव्हर्नर नावाचं चाक अडतं आणि पेटीचे जबडे दोन्ही बाजूंचे रूळ पकडतात. १८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात एलिशा ओटिस उंचावर नेलेल्या फलाटावर स्वतः उभा राहिला आणि लोकांसमोर दोर तोडायला लावला. फलाट थोडा खाली येऊन अडकला. त्या आधी माणसं लिफ्टमध्ये बसायला तयार नव्हती, म्हणजे सासूबाईंसारखीच होती.

मग माणसं जायबंदी होतात कुठे? बहुतेक वेळा दारात. फरशी जुळलेली नसते, लिफ्ट आलेली नसताना दार उघडतं, दार मिटत असताना मध्ये हात जातो, किंवा अडकलेला माणूस अर्ध्या उघड्या दारातून बाहेर यायला बघतो. हे सगळं ऐकून सासूबाई प्लास्टरमधला हात सावरत म्हणाल्या, "म्हणजे उंबरठाच वाईट म्हण की."

२. उंबरठ्यावरचे तीन सेकंद

दार उघडल्यावर नजर आधी खाली. पेटी आहे का? फरशी जुळली आहे का? मग पाऊल. यात तीन सेकंदही जात नाहीत, पण मोबाईलवर बोलत असलात तर नेमके हेच सेकंद हरवतात.

पहिला प्रश्न वेड्यासारखा वाटेल. दार उघडलं म्हणजे लिफ्ट आलीच की! तसं धरून चालू नका. मजल्यावरच्या दाराला कुलूप असतं आणि पेटी समोर आल्याशिवाय ते सुटू नये अशी रचना असते. पण कुलूप झिजतं, खाऱ्या हवेने गंजतं, आणि कधी कधी माणसंच ते निकामी करतात. हा सापळा नीट समजून घ्या. दाराचा संपर्क, म्हणजे दार मिटलंय हे लिफ्टला कळवणारा विजेचा स्विच, नीट बसत नसला की लिफ्ट सारखी बंद पडते. सोसायटीतून ओरड सुरू होते, "अरे, कसं तरी चालू करून दे, घरी आजारी माणूस आहे!" मग कुणीतरी वायरचा तुकडा लावून तो संपर्क जोडून टाकतो. लिफ्ट खुशाल चालते, आता दार उघडं असलं तरी चालते. संध्याकाळी लाईट गेलेली, पॅसेजमध्ये अंधार, हातात भाजीची पिशवी, ओढलं दार आणि टाकला पाय. अशाने माणूस थेट तळाच्या खड्ड्यात जातो. तेव्हा लिफ्ट दुरुस्त झाली असं कुणी सांगितलं की मी एकच विचारते: "लॉक बायपास करून तर नाही ना ठेवलं?" मेकॅनिक चपापला की उत्तर मिळतं.

मिटणाऱ्या दारात हात, पाय, छत्री, पिशवी घालू नका. आपोआप मिटणाऱ्या दारांच्या कडेला प्रकाशाचा पडदा असतो, मध्ये काही आलं की दार मागे फिरतं. पण कुत्र्याचा बारीक पट्टा, ओढणीचं टोक, बॅगेचा बंद यांना तो नेहमी टिपतोच असं नाही. आत गेल्यावर पदर पुढे घ्या आणि दाराकडे तोंड करून उभ्या राहा. पुढची लिफ्ट दोन मिनिटांनी येतेच.

३. जाळीची जुनी लिफ्ट

पणजी, मडगाव, म्हापसा, वास्कोच्या जुन्या इमारतींत वकिलाकडे, दातांच्या डॉक्टरकडे जाताना ही भेटते. बाहेर एक दार, आत सरकती जाळी. जाळीत बोटं घालायची नाहीत हे सर्वांना माहीत असतं. दुसरा धोका फार थोड्यांना माहीत असतो. बाहेरचं दार आणि आतली जाळी यांच्यामध्ये जागा असते. ती रुंद असली तर लहान मूल तिथे उभं राहू शकतं. मूल पुढे धावलं, जाळी आधीच ओढलेली होती, मागून बाहेरचं दार मिटलं. दोन्ही दारं बंद दिसल्यावर लिफ्टच्या दृष्टीने सगळं ठीक. वर कुणी बटण दाबलं की ती निघते.

म्हणून अशा लिफ्टमध्ये मुलाला कडेवर घ्या किंवा हात धरूनच आत न्या, आणि बाहेर पडतानाही आधी मोठ्यांनी. तुमच्याच इमारतीत अशी लिफ्ट असेल तर बाहेरच्या दाराच्या आतल्या अंगाला पत्र्याचा किंवा फायबरचा फुगवटा बसवून ती जागा भरून काढता येते. खर्च फार नसतो, फक्त कुणीतरी सभेत विषय काढावा लागतो. आणि बाहेर पडल्यावर जाळी ओढून घ्या. नाहीतर लिफ्ट तिथेच अडते आणि खालून "दार लावा!" अशी हाक जिन्यातून घुमत राहते.

४. माणसं मोजू नका, किलो मोजा

आतल्या पाटीवर "६ व्यक्ती, ४०८ किलो" असं काही लिहिलेलं असतं. माणशी ६८ किलो धरून हा हिशेब केलेला आहे. आता आरशात बघा. शिवाय चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आदल्या दिवशी माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या छताचं) सामान, नारळाचं पोतं, केळीचा घड घेऊन पाचजण चढतात आणि म्हणतात, पाचच तर आहोत!

नव्या लिफ्टमध्ये जास्त भार झाला की घंटा वाजते आणि ती हलत नाही. तेव्हा शेवटी चढलेल्याने उतरायचं, वाद घालायचा नाही. जुन्या लिफ्टमध्ये घंटाच नसते. ती बिचारी ओझं नेते, पण दोर ताणले जातात, ब्रेक घसरू लागतो, आणि ती मजल्याच्या चार बोटं खाली थांबायला लागते. आमच्या इमारतीत तेच झालं होतं. दुसऱ्या मजल्यावर फ्लॅटचं काम चाललेलं होतं आणि कंत्राटदाराची माणसं टाईल्सचे खोके, सिमेंटची पोती लिफ्टने नेत होती. आम्ही सगळे पाहत होतो.

५. मूल, म्हातारं माणूस, कुत्रा

लहान मुलांना एकटं सोडू नका, बटणांशी खेळू देऊ नका. घरातल्या वृद्धांना अडकल्यावर काय करायचं ते एकदा प्रत्यक्ष दाखवा. नुसतं सांगून भागत नाही. घंटेचं बटण कुठलं, हे सासूबाईंना मी त्यांचं बोट धरून दाखवलं. कुत्र्याला आत नेताना त्याचा पट्टा आखूड धरा आणि तो आधी आत जाऊ दे. पट्टा दाराबाहेर राहिला आणि लिफ्ट निघाली तर फार वाईट घडतं.

आग लागली असेल तर लिफ्टकडे वळूच नका. वीज कधीही जाते, आणि लिफ्टची विहीर धूर वर ओढणाऱ्या धुराड्यासारखी वागते.

६. अडकलात तर

पहिल्यांदा अडकले तेव्हा मी घाबरून दारात बोटं घातली होती. ते करू नका. क्रमाने असं करा:

अ) घंटेचं बटण दाबा, थांबा, परत दाबा. आत फोन किंवा इंटरकॉम असेल तर तो वापरा.

आ) मोबाईलवरून वॉचमन, सेक्रेटरी, लिफ्ट कंपनी यांपैकी एकाला लावा. हे नंबर आत्ताच मोबाईलमध्ये घाला, अडकल्यावर शोधायला जाऊ नका. लोखंडी पेटीत रेंज जाते. कुणीच लागलं नाही तर ११२ लावून पाहा, तो कॉल मिळेल त्या मोबाईल कंपनीच्या नेटवर्कवरून जातो. अग्निशमन दलाचा नंबर १०१.

इ) दारापासून लांब, भिंतीला टेकून खाली बसा. हवा संपत नाही. पेटी डबाबंद नसते, तिला हवेसाठी फटी ठेवलेल्या असतात. गुदमरल्यासारखं होतं ते भीतीने आणि उकाड्याने. शेजारी कुणी अनोळखी असेल तर गाव विचारा. गोव्यात दोन मिनिटांत नातं नाहीतर ओळखीचं कुणीतरी निघतंच, तेवढाच वेळ जातो.

ई) दार उचकटू नका. अर्धं उघडलं आणि मजला छातीच्या उंचीवर दिसला तरी चढून बाहेर यायला जाऊ नका. मजला खाली दिसला तर उडीही मारू नका. अशा वेळी पेटीच्या खाली विहीर उघडी असते. बाहेर उडी घेणारा पाय घसरून मागे गेला तर त्या फटीतून थेट खाली. शिवाय त्याच क्षणी लाईट आली तर लिफ्ट हलू शकते. लिफ्टमध्ये बसून राहिलेला माणूस कंटाळतो, घामाघूम होतो. जीव जातो तो बहुधा बाहेर पडायच्या घाईत.

पुष्कळ लिफ्टना बॅटरीवर चालणारी यंत्रणा असते. लाईट गेली की ती लिफ्टला जवळच्या मजल्यावर आणून दार उघडते. "आमच्याकडे आहे" एवढ्यावर समाधान मानू नका. बॅटरी दोन-तीन वर्षांत दम सोडते आणि कुणी बघत नाही. मेकॅनिक आला की रिकामी लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये असताना त्याला मेन स्विच बंद करायला सांगा आणि काय होतं ते स्वतः पाहा. आमची तेव्हा जिथल्या तिथे राहिली होती.

७. तुम्ही बाहेर असाल तर

आतल्या माणसाशी बोलत राहा; निम्मं काम त्याने होतं. दुसरं आणि सर्वात मोठं: आधी मेन स्विच बंद. वॉचमनकडे दार उघडायची तिकोनी किल्ली असते आणि मदत करायच्या उत्साहात तो ती लावून माणसाला हाताने ओढायला लागतो. त्याला थांबवा. मेन बंद झाल्याची खात्री आणि पेटी मजल्याशी जुळलेली, या दोन्ही गोष्टी झाल्याशिवाय कुणाला बाहेर काढायचं नाही. ब्रेक हाताने सोडून लिफ्ट मजल्याला आणणं हे शिकलेल्या माणसाचं काम आहे. तो येईपर्यंत थांबा, नाहीतर १०१.

कुणाचा हात किंवा पाय अडकला असेल तर बटणं दाबून लिफ्ट वरखाली करायची नाही. मेन बंद, १०१ आणि १०८ दोन्ही. खड्ड्यात कुणी पडलं असेल तर मेन बंद करा, मागोमाग उडी मारू नका, आणि खाली पोहोचलेल्यांनीही त्याला उचलून बसवू नका. पाठीच्या कण्याला मार असू शकतो. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. गाडीत घालून बांबोळीच्या हॉस्पिटलला पळवण्याची घाई सर्वांना होते. १०८ च्या माणसांना आधी येऊ द्या.

८. दिसलं की त्याच दिवशी लिहा

तोंडी सांगितलेलं हवेत जातं. मी वॉचमनला सांगितलं, वॉचमनने सेक्रेटरीला, सेक्रेटरी कामावर. सोसायटीच्या ग्रुपवर लिहा, फोटो टाका, आणि खाली ठेवलेल्या वहीतही नोंद करा. असं काहीतरी:

"आज सकाळी ८ वाजता बी विंगची लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर साधारण तीन इंच खाली थांबली. काल संध्याकाळीही तसंच. मेकॅनिक येईपर्यंत लिफ्ट बंद ठेवावी ही विनंती."

शेवटचं वाक्य गाळू नका. बाकीचे चिडतील. मला "बाई, तुमचे गुडघे ठणठणीत आहेत म्हणून" असं ऐकावं लागलं आहे.

कळवायच्या गोष्टी: फरशी न जुळणं, झटके, घासल्याचा आवाज, जळका वास, पेटी नसताना उघडणारं दार, परत न फिरणारं दार, न वाजणारी घंटा, आतला बंद दिवा. यातलं पेटीविना उघडणारं दार दिसलं तर ग्रुपवर लिहायच्या आधी तिथे खुर्ची आडवी टाका, कुणाला तरी उभं करा आणि मेन बंद करायला लावा.

९. कागद मागा

फ्लॅट घेताना लोक पार्किंग विचारतात, पाण्याची टाकी विचारतात. लिफ्टबद्दल विचारतात ते "कुठल्या कंपनीची?" एवढंच. सेक्रेटरीकडे, सोसायटी झाली नसेल तर बिल्डरकडे, हे मागा:

- लिफ्टचा परवाना आणि शेवटच्या तपासणीचा कागद. तारीख बघा, नुसता शिक्का नको.
- देखभालीचा करार. सुटे भाग धरून आहे की फक्त येऊन तेल घालण्यापुरता? स्वस्त करारात दोर, बॅटरी, दाराचं कुलूप यांचा खर्च वेगळा असतो आणि मग तोच पुढे ढकलला जातो.
- मेकॅनिकच्या भेटींची वही. दर महिन्याला "ओके" असा एकच शेरा आणि एकाच शाईच्या सह्या दिसल्या तर समजून घ्या.
- विमा, ज्यात लिफ्टमध्ये जखमी होणारा बाहेरचा माणूसही धरलेला आहे.

आमच्या बिल्डरने सोसायटी करून द्यायला चार वर्षं लावली. त्या काळात लिफ्ट कुणाची, हे बिल्डर, कंपनी आणि आम्ही, तिघेही एकमेकांकडे बोट दाखवून सांगत होतो. कमिटीत कुणी खर्चावरून कुरकुर केली की मी एक गोष्ट वाचून दाखवते: १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूसाठी तुरुंगवासाची शिक्षा आहे. त्यानंतर बॅटरीचा ठराव पाच मिनिटांत पास होतो.

दुर्दैवाने अपघात झालाच तर लिफ्ट लगेच "दुरुस्त करून" चालू करू देऊ नका. जागेचे आणि वहीच्या पानांचे फोटो घ्या, पोलिसांना कळवा, पंचनामा होऊ द्या.

१०. पावसाळ्याची तयारी

गोव्यातली लिफ्ट जून ते सप्टेंबरमध्ये म्हातारी होते. मे महिन्यात दोन कामं उरका: मशीन रूमचं छप्पर आणि खिडकी गळते का ते बघा, आणि तळाच्या खड्ड्यात पाणी झिरपतं का ते बघा. खड्ड्यात सुरक्षेचे स्विच असतात, पेटी फार खाली आलीच तर धक्का झेलणारे बफर असतात, गव्हर्नरचा दोर ताणून धरणारी कप्पी असते. खड्ड्यात पाणी दिसलं की लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन मेन बंद करायचं. पाण्यात उतरवून "चालते का बघू" म्हणायचं नाही. किनाऱ्याजवळ, म्हणजे करंजाळे, दोनापावला, कोलवा अशा भागात असाल तर दाराचे रूळ आणि दोरांवरचा गंज हा विषय मेकॅनिकच्या प्रत्येक भेटीत काढा.

विजा कडाडत असताना, लाईट येत-जात असताना मी सरळ जिन्याने जाते. गुडघे दुखतात, पण अर्धा तास घंटा बडवण्यापेक्षा बरं.

११. चवथीला इमारत रिकामी होते

हे बाहेरून आलेल्यांना कुणी सांगत नाही. चवथीला आम्ही सगळे गावच्या घरी जातो. चोवीस फ्लॅटच्या इमारतीत दोन-तीन घरं उघडी राहतात, वॉचमनही सुट्टीवर, कंपनीचा मेकॅनिकही त्याच्या गावी आरती म्हणत असतो. मी दुसऱ्यांदा अडकले ती अशाच दिवशी, विसरलेली समई घ्यायला परत आले होते तेव्हा. चाळीस मिनिटं घंटा वाजत होती आणि ऐकायला कुणी नव्हतं.

तेव्हापासून आम्ही आदल्या दिवशी लिफ्टशेजारी प्रत्येक मजल्यावर एक कागद चिकटवतो: कोण मागे राहणार, त्यांचा फ्लॅट आणि फोन, मेन स्विच कुठे, मशीन रूमची किल्ली कुणाकडे. मागे राहणारे स्वतःच आपलं नाव लिहितात. गेल्या वर्षी तिसऱ्या मजल्यावरच्या आंटी राहणार होत्या. त्यांनी नावापुढे लिहिलं होतं: "दुपारी दोन ते चार झोपते. बेल जोरात वाजवा."